पहिल्या हाकेला ओ

दौलूआप्पाला हाक मारायला तोंड उघडावं, आणि नाव पुरं बाहेर पडायच्या आत त्यानं "ओ" म्हणावं. अशी ओ मी पुन्हा कुणाची ऐकली नाही. परड्यात म्हैस हंबरली तरी ह्याची ओ. माझी आई पाणवठ्यावरून जावेला हाक मारायची, तिलाही ह्याची ओ. एकदा मारुतीच्या देवळात भजन रंगलं होतं. बुवांनी "देवा" म्हणून लांबच लांब आलाप घेतला, आणि मागं खांबाला टेकून बसलेल्या दौलूआप्पानं ओ दिली. सगळं देऊळ हसलं. बुवांनीही टाळ थांबवून हसून घेतलं. दौलूआप्पा तेवढा हसला नाही. तो उठून उभा राहिला होता आणि दाराकडं बघत होता. दारात कुणी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, ओ दिली तर दिली, त्यात एवढं काय. पण आमच्या गावाची रीत उलटी. आमचं गाव कराडच्या अलीकडं, मलकापूरच्या बाजूला, गडाच्या पायथ्याला. गड लहानच, पण पडका, आणि पडक्या जागेच्या सावलीत राहणाऱ्यांना काही गोष्टी पाळाव्या लागतात. दिवस कलल्यावर, किंवा गडावर तर भर दुपारीसुद्धा, कुणी नाव घेऊन हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरी आली की द्यायची. आपलं माणूस असलं तर ते तिसऱ्यांदा हाक मारतंच, आणि जे आपलं नसतं त्याला दोनच हाका मारता येतात, असं आम्हाला चालता येईना तेव्हापासून सांगितलेलं. आम्हा पोरांना त्याचं काही नवल वाटायचं नाही. जेवताना उजवा हात वापरावा, तसंच ते.

ते ज्यांनी आम्हाला शिकवलं त्यात पहिली पारूआजी. आमच्या बोळात ती डाव्या हाताला आणि दौलूआप्पाचं घर तिच्या समोर. पारूआजीचा शिरपा आणि दौलूआप्पा बरोबरीचे. एकाच दिवशी दोघं पलटणीत भरती झाले, एकाच बोटीतनं दर्यापार गेले, वाळवंटात एकाच दिवशी धरले गेले, आणि कैदी म्हणून फिरत फिरत जर्मनीत एका मोठ्या नदीकाठी जाऊन पडले. लढाई संपल्याच्या दुसऱ्या वर्षी दौलूआप्पा परत आला. शिरपा आला नाही. त्याच्या नावाचा सरकारी कागद आला होता, त्यात 'बेपत्ता' असं होतं. पारूआजीनं तो कागद शाळेच्या मास्तरांकडून चारदा वाचून घेतला आणि म्हणाली, "मेला आसं कुटं लिवलंय का त्यात? न्हाई न्हवं? मग झालं."

दौलूआप्पा आला तो हडकलेला, कानाची एक पाळी भाजलेली, आणि खाकी पिशवीत फडक्यात गुंडाळलेला एक काळा दगडी पत्रा. विटेएवढ्या आकाराचा, पाटीसारखा गुळगुळीत. तिकडं म्हणे घरांच्या छपरांवर कौलाऐवजी असल्या पाट्या घालतात आणि डोंगरच्या डोंगर ह्या दगडाचे.

"म्हंजे आक्का डोंगर पाटीचा?" मी विचारलं होतं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची.

"आक्का."

"मग पेन्शिलीचा डोंगर कुटं असतोय आप्पा?"

"त्यो नदीच्या पल्याड," तो गंभीरपणे म्हणाला. अशी थट्टा त्याला यायची, पण डोळे तिच्यात सामील व्हायचे नाहीत.

त्या पाटीवर तो खडूनं गड काढायचा. पारूआजीच्या उंबऱ्याशी बसून, रोज एक. ती नदी म्हणे आपल्या कृष्णेपेक्षा रुंद, आणि दोन्ही काठांना उभे डोंगर. डोंगरांवर द्राक्षांचे मळे, आणि दर कोस-दोन कोसावर एक पडका गड. माणसं एवढ्या गडांवर करायची काय, असं आम्ही विचारायचो. "आपल्यावानीच," तो सांगायचा, "खालनं जानाऱ्या-येनाऱ्या होड्यांकडनं जकात घ्याची, न्हाई दिली तर भांडायचं." द्राक्षांचे मळे मी तेव्हा पाहिले नव्हते. लग्न होऊन सांगलीकडं आले आणि पुढं आमच्या तासगावच्या बाजूला मळे झाले, तेव्हा प्रत्येक मांडवाखाली मला आप्पा आठवायचा.

कैद्यांना तिकडं मळ्यांच्या ताली घालायला न्यायचे. उतारावर दगड रचून माती अडवायची. आमच्या माणसांना ते काय शिकवायचं? घरीही तेच केलेलं. पहाऱ्यावर एक म्हातारा होता, पहिल्या लढाईत पायाला गोळी लागलेला, लंगडा. त्याला ह्या दोघांचं काम आवडलं. सुट्टीच्या दिवशी तो त्यांना डोंगरावरचे पडके गड दाखवायला न्यायचा. काठीनं एकेक जागा दाखवायचा, आपल्या भाषेत भडाभडा बोलायचा. ह्यांना त्यातला एकच शब्द कळायचा, "कोम". म्हणजे ये.

"भाषा न कळून बी समदं कळायचं काकू," आप्पा पारूआजीला सांगायचा. "ही देवडी, हितं पहारेकरी बसनार. हा बुरूज. हे पान्याचं टाकं. शिरपा तर म्हाताऱ्याच्या म्होरं पळायचा. एकदा म्हनला, आता हितं चोरवाट पायजे. आपल्या गडाला हाय तितंच. झुडपं वडली तर खरंच चोरवाट. म्हातारं त्वांड उगडं टाकून बगतच ऱ्हायलं. त्याला जलमभर घावली नव्हती."

"माजा शिरपा लय नजरबाज," पारूआजी म्हणायची. सूप खाली ठेवून पाटीवरची ती चोरवाट ती बोटानं हळूच गिरवायची, आणि मग बोटाचा खडू लुगड्याला पुसायची. "मग? आता कुटं आसंल त्यो?"

"मागनं आमची फाटाफूट झाली काकू. त्याला नदीच्या वरल्या अंगाला न्हेलं. तितं बी गडच गड. फिरत आसंल बगत."

"फिरू द्या. दमला की ईल."

आणि दिवेलागणीला ती उंबऱ्यात उभी राहायची, नदीच्या दिशेला तोंड करून हाक मारायची. "शिरपा, ये रं जेवाय." तीनदा, मधे मधे थांबून. शिरपा पलटणीत गेल्यापासून एकही सांज तिनं चुकवली नव्हती. बोळाला त्याची सवय होती. पण दौलूआप्पा आला त्याच्या पहिल्याच सांजेला पहिली हाक गेली, आणि समोरच्या ओट्यावरून ओ आली.

सगळा बोळ जागच्या जागी थांबला. माझ्या आईच्या हातात परात होती, ती तशीच.

"तू न्हवं रं दौल्या," पारूआजी म्हणाली. "शिरपाला मारली हाक."

"व्हय काकू," आप्पा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. पुढं पुढं पारूआजीनं त्याला टोकायचं सोडलं. उलट म्हणायची, कुणीतरी ओ देतंय, घास गोड लागतोय. माझ्या आईला मात्र ते सोसायचं नाही. ती आम्हाला आत ओढून दार लावून घ्यायची. "कुनाच्या नावाला कोन ओ देतंय. लक्षान बरं न्हाई हे," एवढंच पुटपुटायची.

रविवारी दौलूआप्पा आम्हा पोरापोरींना गडावर न्यायचा. गडावर आम्ही जन्मापासून जात होतो, पण त्याच्याबरोबर जाणं वेगळं. खाली गावात तो सरळ ताठ चालायचा. गडाची पहिली पायरी आली की लंगडायला लागायचा. डाव्या पायानं, पार वरपर्यंत. उतरताना शेवटची पायरी संपली की पुन्हा सरळ. पहिल्यांदा आम्ही हसलो, नक्कल केली, एकामागं एक सगळे लंगडत गेलो. पण तो नक्कल करत नव्हता. त्याला ते कळतच नव्हतं. मी एकदा विचारलं, "आप्पा, पाय दुखतोय का?" तर त्यानं पायाकडं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि काठी टेकत पुढं गेला.

वर गेल्यावर काठीनं दाखवायचा. "कोम, कोम. हे बगा, हितं घोडी." आणि प्रत्येक पडक्या दरवाज्यापाशी, आत पाऊल टाकायच्या आधी, थांबून ओ द्यायचा. कुणी हाक मारलेली नसायची. ओ देऊन जरा वेळ ऐकत उभा राहायचा. आम्हीही ऐकायचो. दगडांमधनं वारा जातो त्याचा एक आवाज असतो, तो ऐकू यायचा. मग तो म्हणायचा, "चला." त्या 'चला'च्या आधीची शांतता मला अजून अंगावर येते.

आमच्या गडाला चोरवाट आहे ती अंबारखान्याच्या मागं. वाकून आत शिरावं लागतं, आत डावीकडं वळली की उजेड संपतो. एका रविवारी लपंडाव चालला होता आणि मी आत शिरले. आणखी आत जाऊ, कुणाला सापडणार नाही, म्हणून हात टेकत टेकत गेले. कुठंतरी पायाखालची माती घसरली, मी बसकण मारली, आणि उठून वळले तर कुठल्या अंगानं आले तेच कळेना. डोळे उघडे आणि मिटलेले सारखेच. वटवाघळांचा वास. मला रीत माहीत होती, पण रीत ओ देणाऱ्याची असते, हाक मारणाऱ्याची नसते. मी हाक मारली, "आप्पा."

ओ आली. माझा आवाज भिंतीला लागायच्या आत आली. आणि ती एक नव्हती. "ओ. ओ. ओ. हिकडं. आवाजाकडं ये. ओ. ओ." तो थांबेचना. एका श्वासाला एक ओ. मी त्या आवाजाचा दोर धरल्यासारखी सरकत सरकत गेले, आणि वळण संपलं तेव्हा चोरवाटेच्या तोंडाशी तो गुडघ्यांवर बसलेला दिसला. दोन्ही हात आत घातलेले, डोळे मिटलेले, घामानं निथळत. "ये शिरपा," तो म्हणत होता, "ये गड्या, दार हिकडं हाय. दार हिकडं हाय रं."

मी त्याचा हात धरला तरी तो म्हणतच राहिला. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, मी इंदी." तेव्हा त्यानं डोळे उघडले. माझ्याकडं बघून त्याच्या तोंडावर जे आलं ते आनंदाचं नव्हतं, एवढं मला त्या वयातही कळलं.

घरी सांगितलं असतं तर गडावर जाणं बंद झालं असतं, म्हणून मी घरी बोलले नाही. पण पोटात राहीना. दुसऱ्या दिवशी पारूआजीच्या पुढ्यात बसून जोंधळे निवडताना मी सगळं सांगून टाकलं. गंमत म्हणून सांगितलं, आप्पा मला शिरपा म्हणाला ह्याचंच मला हसू. पारूआजीचे हात सुपात थांबले.

"फुडं काय म्हनला? पुन्यांदा सांग."

"दार हिकडं हाय म्हनला."

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "दौल्याला हाक मार."

मी उंबऱ्यात येऊन तोंड उघडलं, आणि नेहमीसारखी ओ आली.

तो आत येऊन उभा राहिला. पारूआजीनं मला जा म्हटलं नाही, म्हणून मी कोपऱ्यात सरकले.

"शिरपा चोरवाटंत गेला हुता न्हवं?" ती म्हणाली.

दौलूआप्पा खाली बसला. बसला म्हणजे भिंतीला पाठ लावून घसरला. आणि मग त्यानं सांगितलं, सुपातल्या दाण्यांकडं बघून, एकसारख्या आवाजात.

पुलावर बॉम्ब टाकायला विमानं आली होती, दिवस कलताना. म्हातारा पहारेकरी, शिरपा आणि तो, तिघं ताल घालत होते, ते चोरवाट सापडली होती त्या जवळच्या पडक्या गडात पळाले. शिरपा म्हणाला, चोरवाटंत बसू, वर कातळ हाय. म्हातारा आणि शिरपा आत शिरले. आप्पा मागं होता, दरवाज्यात पोचला तेवढ्यात दणका बसला. बुरुजाची एक बाजू बसली. सगळीकडं धूळ, काही दिसेना. आणि धुळीतनं, आतनं, हाक आली. दौल्या. जरा थांबून पुन्हा आली. दौल्या.

"मला ओ देववंना काकू," तो म्हणाला. "भ्यालो म्हनून न्हाई. इचार बी न्हाई केला. पडकी जागा, दिवस कललेला, नाव घिऊन हाक. जीबच हालंना. तिसरीची वाट बगत उबा ऱ्हायलो. आनि तिसरी आलीच न्हाई. मग वरचं समदंच बसलं." त्यानं तोंडावरनं हात फिरवला. "मानूस अंधारात हाक कशापाय मारतंय? दार कुटं हाय ते कळावं म्हनून. म्या एकदा ओ दिली आसती तर त्यो आवाजाकडं आला आसता. काल ही पोर आली तसा."

बाहेर कुणाची तरी गाय बोळातनं गेली. पारूआजीनं सूप उचललं, सांडलेले दाणे एकेक करून वेचले, सुपात टाकले. मला वाटलं ती किंचाळेल, त्याला घराबाहेर काढील. ती म्हणाली, "तुमा दोगास्नी ते शिकीवलं कुनी?"

त्यानं चुलीकडं बघितलं.

"म्याच न्हवं? ह्याच चुलीम्होरं बसवून. मग शिरपाला बी म्हाईत हुतं, तू तिसरीबिगर ओ देनार न्हाईस. त्यो तिसरी मारल्याबिगर ऱ्हायला नसता. मारली न्हाई म्हंजे त्याला मारता आली न्हाई. दोन हाकंत संपलं हुतं रं ते, लेकरा. तू काय बी केलं आसतंस तरी."

हे तिला खरंच तसं वाटलं, की समोर बसलेला एक पोरगा तरी वाचावा म्हणून तिनं ते जिथल्या तिथं रचलं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी आता तिच्या त्या वेळच्या वयापेक्षा मोठी आहे, तरी नाही. उठता उठता ती एवढंच म्हणाली, "पर आजपास्नं पयल्या हाकंला ओ द्याची न्हाई. कुनाच्या बी. तिसरी आल्याबिगर हालायचं न्हाई. माजी शपत हाय तुला. न्हाईतर कुनीबी यील आनि न्हील तुला."

त्या सांजेला तिनं दिवा लावला, उंबऱ्यात आली, आणि हाक मारली नाही. सगळा बोळ ऐकत होता. समोर ओट्यावर दौलूआप्पा बसला होता. ठरल्या वेळी त्याचा गळा हलला आणि ओ बाहेर पडलीच.

"कुनी न्हाई मारली हाक," पारूआजी शांतपणे म्हणाली. "बस तू."

देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. आठ दिवसांनी कृष्णेच्या काठाला शिरपाला तसा दिला. दौलूआप्पानं ती काळी पाटी पुतळ्याच्या छातीवर ठेवली. ती जळली नाही, नुसती तडकली. तुकडे त्यानं स्वतः नदीत सोडले.

शपथ त्यानं पाळली. पण पाळण्याची त्याची एक तऱ्हा झाली. हाक आली की तो मान वळवायचा नाही, उजव्या हाताचं एक बोट मिटायचा. दुसरी आली की दुसरं. तिसरं बोट मिटलं की ओ. गावची पोरं दोनच हाका मारून पळून जायची, आणि हा दोन बोटं मिटून तासभर तसाच बसलेला दिसायचा. त्याची वहिनी कावायची, "आवं भाऊजी, सोडा की ती बोटं, भाकरी कशी खाताल?" तो म्हणायचा, "अजून एक यायची हाय वहिनी."

पुढं दोन वर्षांनी माझं लग्न झालं. त्याच वर्षी पारूआजी गेली. दौलूआप्पा मात्र त्यानंतरही पुष्कळ जगला, सत्तरीपर्यंत पोचला म्हणतात. मी त्याला शेवटचं पाहिलं ते माझ्या पहिल्या पंचमीला, माहेरी आले होते तेव्हा. तो तेव्हा दिवसभर गडावरच असायचा, झुडपं काढायचा, देवडीचे पडलेले दगड पुन्हा रचायचा. वहिनीनं माझ्या हातात भाकरी बांधून दिली. "एवडी दिऊन ये. आनि तीन हाका मार बाई, दोन मारून परत येशील, त्यो हालनार न्हाई."

दुपार टळली होती. गडावर ढग उतरले होते, पाचव्या पायरीच्या पुढचं दिसत नव्हतं. देवडीवर तो बसलेला होता, माझ्याकडं अर्धी पाठ, तोंड आतल्या अंगाला. उजवा हात गुडघ्यावर पसरलेला.

"आप्पा," मी हाक मारली. त्याचं एक बोट मिटलं.

"आप्पा," पुन्हा. दुसरं बोट मिटलं.

चढून मला दम लागला होता. मी श्वास घ्यायला थांबले. ढगात काही हलत नव्हतं, वारासुद्धा नव्हता. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचं तिसरं बोट सावकाश मिटलं.

"ओ," तो म्हणाला. माझ्याकडं नाही, आत तोंड करून. आवाज कसा हलका, वीस वर्षांच्या पोराचा. "आलो रं." काठी तिथंच ठेवून तो उठला आणि दरवाज्यातनं आत गेला. गडावर, आणि लंगडत नव्हता.

भाकरी काठीजवळ ठेवून मी उतरले, किती भराभर उतरले ते सांगत नाही. खाली वहिनी ओट्यावरच उभी होती.

"दिली का ओ?" तिनं विचारलं.

"दिली," मी म्हटलं.

"तिसऱ्या हाकंला?"

"व्हय. तिसऱ्या हाकंला."

तिचा जीव भांड्यात पडला. हाक कुणी मारली, ते तिनं विचारलं नाही.